रिकामा फ्लॅश

कपिलधारच्या धबधब्यासमोर योगिताच्या हातून तुषार पुसायला काढलेली लेन्स निसटली, तेव्हा तिला आधी वाईट वाटलंच नाही. आधी वाटलं, बरं झालं, आता थोडं बसता येईल.

मग लेन्स दगडावरून घरंगळत गेली, एका कपारीशी थांबली, आणि काचेला गेलेला तडा उन्हात चमकला. तेव्हा मात्र ती उचलायला धावली.

भाद्रपद सरत आला होता. धबधब्याला पाणी भरपूर होतं आणि त्याचे तुषार वाऱ्याबरोबर दगडांपर्यंत येत होते. कुंडाच्या कडेला तिचं जोडपं उभं होतं. मुलीनं भाड्याचा लांब लाल गाऊन घातला होता, त्याचा मागचा घोळ तिच्या मावसबहिणीनं दोन्ही हातांनी उचलून धरला होता, आणि मुलगा काळा गॉगल लावून पाण्याकडे पाठ करून उभा होता. हल्ली या भागात लग्न ठरलं की मांडव पडायच्या आधी कपिलधारला येऊन असे फोटो काढावेच लागतात. पलीकडे देवळात दर्शनाची रांग, अलीकडे फोटोची रांग. चांगला दगड एकच असल्यामुळे फोटोग्राफरही नंबर लावून बसतात.

"ताई, हात नका लावू. काच रुतंल."

तिनं वळून पाहिलं. गळ्यात कॅमेरा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोळ्यांखाली काळपट झालेला एक माणूस वरच्या पायरीवर उभा होता. तिशीच्या आसपासचा, म्हणजे तिच्याच वयाचा. दमलेला माणूस दमलेल्या माणसाला लगेच ओळखतो. तो हसला नाही, तीही हसली नाही.

"दुसरी आणलीय का?"

"न्हाई. एकच हाय..." ती म्हणाली. "होती."

"कॅमेरा बघू. हां, आपला एकाच कंपनीचा हाय. मग ही बसंल." त्यानं पिशवीतून एक जाडजूड लेन्स काढली, शर्टाच्या टोकानं पुसली आणि तिच्यापुढं धरली. कडेला तिला एक पोचा होता.

"अन् तुमचं काम, भाऊ?"

"माझं जोडपं तिकडं पिंपळाखाली भांडायलंय. पोरीला साडी नेसायचीय, पोराला गाऊन पाहिजे. अर्धा घंटा तरी कुणी उठत न्हाई. घ्या तुमी."

योगितानं लेन्स बसवली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि दचकली. समोर नुसतं मुलीचं नाक आणि गॉगलचा अर्धा भाग.

"मागं या," तो म्हणाला. "ही एटी फाइव्ह हाय. अजून मागं. अजून... तिकडं पायऱ्यांपर्यंत जावा."

ती पायऱ्यांपर्यंत गेली. तिथून पाहिलं, आणि पाणी, दगड, गर्दी, गाऊन धरणारी मावसबहीण, सगळं मागं विरघळून गेलं. उरले फक्त दोन चेहरे. लांब उभं राहून जवळ गेल्यासारखं वाटत होतं. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं, 'ताई, माझा एक काढा' म्हणून कुणी बाही ओढत नव्हतं. कितीतरी दिवसांनी तिला काम करताना शांत वाटलं.

काम संपल्यावर तिनं लेन्स परत केली. हात थोडा रेंगाळला.

"आवडली वाटतं," तो म्हणाला.

"चांगली हाय."

"मग घ्या की. विकायचीच हाय मला. ही एक, एक फिफ्टी, अन् एक थर्टी फाइव्ह. तुमाला एक लागंलच आता."

"तिन्ही कावून विकायलात?"

त्यानं दुमडलेली पँट खाली सोडली. "दमलो, ताई," तो म्हणाला, जसं कुणी 'पाणी संपलं' म्हणतं, तसं.

---

त्याचं नाव सोमेश्वर. अंबाजोगाईला बसस्टँडच्या मागं त्याचा छोटा स्टुडिओ होता. वडील मेंढरं राखायचे, त्यांच्या पश्चात मेंढरं गेली आणि कॅमेरा आला. बारा गावांची लग्नं काढून काढून त्याच्या खांद्याला कायमची कळ लागली होती. माघापर्यंतची लग्नं उरकली की चुलतभावाबरोबर चाकणला कंपनीत जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तिथं आठ तास भरले की माणूस मोकळा होतो, एवढंच त्याला त्या नोकरीबद्दल ठाऊक होतं आणि तेवढं त्याला पुरेसं वाटत होतं.

योगिताचं दुकान चौसाळ्याला, हमरस्त्यावर. एक खोली, एक शटर, मागच्या भिंतीला निळा पडदा. वडील बंकट मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने बाहेर असत. घरी ती आणि आई बायडाबाई. योगिताचा जम बसला तो स्थळाच्या फोटोंवर. पोरीला पुरुष फोटोग्राफरपुढं बसवायला आया कचरायच्या, त्या योगिताकडे येऊ लागल्या. तिनं काढलेल्या फोटोंवर आसपासच्या किती पोरींची लग्नं जमली, ते बायकांना तोंडपाठ होतं. फक्त तिचा स्वतःचा फोटो कुठंच नव्हता. कॅमेऱ्यामागं राहणाऱ्या माणसाचं असंच होतं. बायडाबाईला मात्र ते पटत नव्हतं.

"सगळ्या गावाच्या पोरी उजवल्यास," त्या म्हणायच्या. "अन् माझ्या पोरीचा फोटो मागितला की लोकांला काय दाखवू, मतदानाचं कार्ड?"

आता आपल्या गोष्टीतल्या त्या तीन लेन्सबद्दल. लेन्सवर लिहिलेला आकडा म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नसेल त्यानं एक करून पाहावं. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करावा आणि डोळ्याला चिकटून धरावा. अख्खी खोली दिसेल. मग हात हळूहळू लांब न्यावा. खोली नाहीशी होत जाईल, खिडकी उरेल, मग खिडकीतलं एखादं पाखरू. पस्तीस म्हणजे डोळ्याजवळचा गोल. पंच्याऐंशी म्हणजे हात लांब केलेला. पन्नास मधला. आणि याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. लांब हाताच्या लेन्समध्ये चेहरा मावायचा तर माणसापासून दूर उभं राहावं लागतं. जवळच्या लेन्सनं तोच चेहरा भरून काढायचा, तर त्याच्या श्वासापर्यंत जावं लागतं. आणि फार जवळ गेलं की नाक थोडं मोठं दिसतं, कारण नाक सगळ्यात पुढं असतं.

जुनी लेन्स घेताना लोक काचेत टॉर्च मारून बघतात, आत बुरशी धरली का, धूळ गेली का. योगितानंही बघितलं. तिन्ही काचा आतून स्वच्छ होत्या. अडचण वेगळीच होती. पैसे एकीपुरतेच होते, आणि कुठली घ्यावी ते ठरत नव्हतं.

"एक-एक नेऊन बघा," सोमेश्वर म्हणाला. "लग्नात वापरल्याशिवाय कळत न्हाई."

"अन् पळून गेले तर?"

"चौसाळ्याची मेंढरंवाली माणसं कुठं पळत्यात? मागं शंभर पायांचा आवाज येतो."

पहिल्यांदा ती तेव्हा हसली. आणि त्यानं त्यानंतर तिला 'ताई' म्हटलं नाही. 'मॅडम' म्हणाला दोन-तीनदा, मग तेही राहून गेलं.

---

तुळशीची लग्नं झाली आणि माणसांची सुरू झाली. सोमेश्वर अंबाजोगाईहून बीडकडे कामाला निघाला की मांजरसुंब्याच्या चौकात थांबायचा. योगिता चौसाळ्याहून तिथं यायची. चौकातल्या एका हॉटेलात, पंख्याखालच्या टेबलावर, एक लेन्स परत जायची आणि दुसरी यायची. दोघांच्याही अंगाला अजून मांडवातल्या अत्तराचा आणि तळणाचा वास असायचा. दोघंही बोलायच्या आधी चहा प्यायचे, कारण बोलायला बळ नसायचं.

"फिफ्टी कशी वाटली?" सोमेश्वरनं विचारलं.

योगितानं बशीत चहा ओतला. "बरी हाय. शहाण्या जावयासारखी."

"म्हंजे?"

"तक्रार करायला जागा न्हाई. अन् गेला की आठवण बी येत न्हाई."

सोमेश्वरला ठसका लागला. चहा शर्टावर सांडला. तिनं तिचा रुमाल पुढं केला, मग तो रुमाल लेन्स पुसायचा आहे हे आठवून मागं घेतला, आणि मग काय करावं ते न कळून पुन्हा पुढं केला. त्यानं तो घेतला. शर्ट पुसला नाही, नुसता घडी करून टेबलावर ठेवला.

"मला एटी फाइव्हच पाहिजे," ती म्हणाली. "लांबूनच बरं असतं. जवळ गेलं की लोकांला काय-काय सांगायचं असतं. लाईटच न्हाई म्हणतात, दीर रुसला म्हणतात, माझी साडी दिसायली का म्हणतात. मी लई ऐकलं आता. लांब उभं राहावं, फोटो काढावा, घरी जावं."

"आहेराच्या टायमाला बी लांब?"

आहेराचं नाव निघताच दोघंही एकदमच हसू लागले. ज्यांनी या भागातलं लग्न पाहिलं आहे त्यांना कारण सांगायला नको. माइकवर नाव पुकारलं जातं, अमक्यांकडून टॉवेल-टोपी, तमक्यांकडून पातळ, आणि प्रत्येक जण नवरा-नवरीशेजारी उभा राहून फोटोग्राफरकडे बघतो. फोटो निघाल्याशिवाय आहेर पोचला असं कुणी मानत नाही. रांग संपत नाही. नवरीच्या गालावरचं हसू वाळून जातं.

"खरं सांगा," सोमेश्वर टेबलावर वाकून म्हणाला. "तुमी मारता का... रिकामा?"

योगितानं इकडे-तिकडे पाहिलं. "तुमी?"

"मी आधी विचारलं."

"मारते," ती हळूच म्हणाली. "हात दुखायला लागल्यावर."

फ्लॅशच्या पाठीवर एक बारीक बटण असतं. ते दाबलं की नुसता उजेड पडतो, फोटो निघत नाही. समोरच्या माणसाला वाटतं निघाला. तो समाधानानं खाली उतरतो. हे बटण प्रत्येक लग्नाच्या फोटोग्राफरला ठाऊक असतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नाही असं धरून चालतो.

"मला वाटायचं मी एकटीच लबाड हाय," योगिता म्हणाली.

"मी तर एका मामाला तीनदा रिकामा मारला. त्यो तीनदा टोपी नीट करून आलता."

दोघंही पुन्हा हसले. हसताना तिच्या लक्षात आलं की खांदा दुखायचा थांबलाय. बाहेर ट्रकचे हॉर्न वाजत होते. त्यानं पिशवीतून शेवटची लेन्स काढली, सगळ्यात लहान, सगळ्यात हलकी.

"ही थर्टी फाइव्ह. खरं तर ही तुमचीच हाय."

"कावून?"

"हळदीच्या खोलीत बायका असत्यात. मी ही घेऊन आत गेलो की सगळ्या पदर ओढून लाकडावानी बसत्यात. जवळ जायची लेन्स, अन् मला जवळ कुणी येऊ देत न्हाई. माझ्याजवळ उपाशी राहिली बिचारी." त्यानं ती लेन्स तिच्यापुढं सरकवली. "तुमी जाऊ शकता. तुमाला कुणी न्हाई म्हणणार न्हाई."

"मला जवळ जायचंच न्हाई म्हणतेय मी."

"एकदा जाऊन बघा. मग न्हाई म्हणा."

ती गेली. नेकनूरजवळच्या एका वस्तीवर हळद होती. खोली एवढीशी, तिच्यात बायका दाटीवाटीनं बसलेल्या. मागं सरकायला जागाच नव्हती. एटी फाइव्ह असती तर तिला भिंत फोडून बाहेर जावं लागलं असतं. ती जात्याशेजारी, बायकांच्या गुडघ्यांना गुडघा लावून बसली. कुणीतरी तिच्याही गालाला हळद लावली. नवरीच्या आईनं पोरीच्या कपाळावरचे केस बोटानं मागं सारले, आणि ते बोट तिथंच थांबलं, जसं काही पुढं काय करायचं ते त्याला आठवेना. योगितानं तो फोटो काढला. हातभर अंतरावरून. आणि काढल्यावर तिला कळलं की आपल्याला रडू येतंय. दमणुकीमुळे असेल, असं ती स्वतःला म्हणाली.

त्या रात्रीच तिनं तो फोटो सोमेश्वरला पाठवला. त्याचं उत्तर आलं ते एवढंच: 'म्हणालतो ना.'

---

माघात लातूरकडचं स्थळ आलं. मुलगा पतसंस्थेत होता, घर पक्कं होतं. माणसं बरी होती. फक्त लग्नानंतर मुलीनं मांडवा-मांडवातून फिरू नये, एवढं त्यांचं म्हणणं होतं. आणि येत्या रविवारी बघायला यायच्या आधी एक फोटो पाठवा, नीट स्टुडिओतला.

योगितानं वाद घातला नाही. आधी घातला असता. पण त्या आठवड्यात तिनं लागोपाठ लग्नं काढली होती, पायांना सूज होती, आणि 'आता फिरू नका' हे वाक्य तिला धमकीसारखं नाही, गादीसारखं वाटलं. पडावं आणि डोळे मिटावेत.

"तू हो म्हण, आई," ती म्हणाली.

बायडाबाईनं पोरीकडे बराच वेळ पाहिलं. "रडून म्हणली असतीस तर मला बरं वाटलं असतं," त्या म्हणाल्या, आणि पेटीतून हिरवी साडी काढायला उठल्या.

फोटो कुणाकडून काढायचा, हा प्रश्न नव्हताच. थर्टी फाइव्ह परत द्यायची होती. आता लेन्स घेऊन ती करणार तरी काय होती?

अंबाजोगाईच्या स्टुडिओत ती पोचली तेव्हा दुपार टळली होती. अर्ध्या भिंती मोकळ्या झाल्या होत्या. खोक्यांत चौकटी भरलेल्या, कोपऱ्यात गुंडाळलेला पडदा. फिफ्टी केज गावच्या एका माणसानं नेली होती. एक स्टूल आणि एक पांढरा पडदा तेवढा उरला होता.

"चाकणला कधी?" तिनं विचारलं.

"सोमवारी." सोमेश्वरनं तिच्या हातातली पिशवी पाहिली. "साडी?"

"स्थळाचा फोटो काढायचाय. माझा." तिनं थर्टी फाइव्ह टेबलावर ठेवली. "अन् ही घ्या. लई चांगली होती. पण आता नको."

लेन्सवर धूळ नसतानाही त्यानं ती फुंकली.

आतल्या खोलीतून ती साडी नेसून आली आणि स्टुलावर बसली. लोकांना ती रोज सांगायची तेच तिनं स्वतःला सांगितलं: पाठ ताठ, हनुवटी थोडी खाली, ओठ मिटून हसू. सोमेश्वरनं कॅमेऱ्याला एटी फाइव्ह लावली. फ्लॅश वर बसवला. मग मागं-मागं जात पार दारापर्यंत गेला.

"इकडं बघा," तो म्हणाला.

उजेड पडला.

"हां. अजून एक."

पुन्हा उजेड पडला. योगिता बघत राहिली. त्याचा चेहरा कॅमेऱ्यामागं होता, फक्त कान दिसत होते, आणि कान लाल होते.

"थोडं डावीकडं... अजून एक."

उजेड. रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. योगितानं ओठांवरचं हसू पुसून टाकलं.

"आहेराची रांग हाय का ही?" तिनं विचारलं.

कॅमेरा खाली आला नाही.

"उजेड पडायलाय," ती म्हणाली. "पण खट् आवाज एकदा बी आला न्हाई. मला काय टोपीवाला मामा समजलात?"

आता कॅमेरा खाली आला. सोमेश्वर दाराला टेकून उभा राहिला. त्याचं उजवं बोट अजून फ्लॅशच्या पाठीवर होतं, त्या बारीक बटणावर.

"बोट जाईना," तो म्हणाला.

"कुठं?"

"खऱ्या बटणावर." तो जमिनीकडे बघत होता. "ही एटी फाइव्ह हाय. हिच्यातून निघालेला फोटो कुणीबी पसंत करंल. लातूरचा बी करंल. अन् तो फोटो मी काढलेला असंल."

"मग थर्टी फाइव्हनं काढायचा. नाक मोठं आलं असतं, काम झालं असतं."

"ते बी केलंय करून. मांजरसुंब्याला. तुमी चहा प्यालता, अन् मी लेन्स तपासायलोय असं दाखवून..." त्यानं हातानं कॅमेरा धरल्यासारखं केलं. "नाक लई मोठं आलं. तरी..."

"तरी काय?"

"तरी पसंत पडली."

"कुणाला?"

"काढणाऱ्याला."

पांढऱ्या पडद्यामागं पाल चुकचुकली. योगिताच्या मनात काय-काय आलं. बायडाबाईची हिरवी साडी आली, लातूरचं पक्कं घर आलं, पायांची सूज आली. आणि सगळ्यात शेवटी एक अगदी साधी गोष्ट आली. लातूरच्या त्या गादीवर पडून डोळे मिटल्यावर, रिकाम्या फ्लॅशची गंमत ती कुणाला सांगणार होती?

"मी लई दमलेय, सोमेश्वर," ती म्हणाली. नाव घेऊन, पहिल्यांदाच.

"मी बी."

"दमलेली दोन माणसं एका घरात आली तर चहा कोण करंल?"

त्यानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत हसू होतं की पाणी, ते दारापासून त्याला कळेना. कारण ते एटी फाइव्हचं अंतर होतं.

"जो आधी घरी यील तो," तो म्हणाला. "आहेराच्या दिवशी मी. हळदीच्या दिवशी... मीच."

"अन् चाकण?"

"चाकणचं काय... तिथं मला कोण वळखतं?"

"मग कळवा चुलतभावाला. न्हाई म्हणून."

योगिता उठली. तिनं टेबलावरची थर्टी फाइव्ह उचलली, त्याच्या हातातून कॅमेरा घेतला, आणि जाडजूड लेन्स काढून ती लहानशी लेन्स चढवली. फ्लॅश काढून खोक्यावर ठेवला. मग खिडकी उघडली. कलत्या उन्हाची एक तिरपी पट्टी स्टुलावर पडली.

"बसा तिथं."

"मी? कावून?"

"बसा म्हणलं ना."

तो बसला. शर्टाचं बटण लावू लागला, तर ती म्हणाली, राहू द्या. केस नीट करू लागला, तर तिनं त्याचा हात खाली केला. मग ती जवळ आली. एक पाऊल. चेहरा अजून लहान होता. अजून एक पाऊल. डोळ्यांखालचं काळं दिसू लागलं, दाढीतला एक पांढरा केस, कपाळावरची जुनी खूण. ती आणखी पुढं आली, इतकी की त्याचा श्वास तिच्या मनगटाला लागला.

"लई जवळ आलात," तो हळू म्हणाला.

"ही लेन्स जवळ आल्याशिवाय चालत न्हाई. तुमीच म्हणालता."

तो हसला, आणि त्याच क्षणी तिनं बटण दाबलं.

खट्.

---

फोटो घेऊन ती चौसाळ्याला पोचली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. त्याच सकाळी बंकट मेंढरं घेऊन वस्तीवर परतले होते. अंगणात जाळीच्या आत मेंढरं दाटून बसली होती. बायडाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी पिठाचे हात झटकले, फोटोचं पाकीट पोरीच्या हातातून घेतलं, आतला फोटो काढला आणि चुलीच्या उजेडात धरला.

"हा तुझा फोटो न्हाई," त्या म्हणाल्या.

"न्हाई."

"लातूरच्या पोराचा बी न्हाई. त्याचा मी बघितलाय."

"न्हाई, आई."

बायडाबाईनं फोटो नवऱ्याकडे दिला. बंकटनं तो एकदा जवळ धरला, एकदा हात लांब करून पाहिला, पुन्हा जवळ आणला. मेंढरू विकत घेतानाही ते असंच बघायचे.

"कुणाचं पोरगं?"

"अंबाजोगाईचं. त्याच्या वडलांची बी मेंढरं होती."

"चेहरा दमल्यावानी दिसतोय."

"दमलाय," योगिता म्हणाली. "पण हसायलाय, बघा."

बंकटनं मान हलवली आणि फोटो परत बायकोला दिला. बायडाबाईनं तो पुन्हा उजेडात धरला. तव्यावरची भाकरी एका बाजूनं फुगत चालली होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"नाक लई मोठं हाय ह्याचं."

"नाक न्हाई मोठं, आई. फोटो जवळून काढलाय, म्हणून तसं दिसतंय."

"जवळून?" बायडाबाईनं फोटोवरून नजर उचलली आणि पोरीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. कितीतरी महिन्यांनी त्या चेहऱ्यावर झोप नव्हती. "किती जवळून काढलास गं?"

योगिता चुलीपाशी वाकली, आणि करपायच्या आत भाकरी उलटली.